मूठ अन् पोतं

निर्मल
४ जानेवारी १९८४

चिरंजीव मोतीरामले,

प्रभूमध्ये सलाम. मनकर्णाले अन् लेकरांना आशीर्वाद. तुले काय द्यावं ते अजून ठरलं नाई.

नव्या वर्षाच्या दिवशी मी गावात आली होती. वर्षाचा पहिला दिवस रविवारी आला, म्हटलं बाबाच्या देवळात भक्ती करू, मंग नेरडीगोंड्याले तुझ्या, माझ्या धाकट्या भावाच्या, घरी जेवू, अन् सांजच्या बसनं वसतिगृहात परत. मॅट्रनची नोकरी, बाहेर मुक्काम करता येत नाई.

देवळात माणसं किती? म्हातारी बयनाबाई धरून नऊ. भक्ती कोण चालवते म्हणून विचारलं तं समजलं, मोतीरामभाऊ नव्या लॉरीची बॉडी बांधायले नागपूरले गेले. मागच्या रविवारी कापसाची भरती होती म्हणे, त्याच्या मागच्या रविवारी आणखी काही. शेवटी बयनाबाईनं डोळे मिटून जे आठवलं ते म्हटलं, आमी आमेन म्हटलं. बाबाच्या माघारी आठ वर्षं तू हे देऊळ चालवून राह्यला, असं मी इथं निर्मलले छाती फुगवून सांगत होती. लाज वाटली.

तरी ते मी गिळलं असतं. पण मेजापुढं काय पाहिलं? जिथं मुठीच्या ज्वारीचा ढीग असायचा तिथं तांदळाचं पोतं उभं. पोत्यावर निळ्या शाईनं तुझं नाव. देवाच्या मेजापुढं तुझं नाव, मोतीराम!

बयनाबाईले विचारलं तं ती खाली पाहून म्हणाली, "मोतीरामनं मूठ बंद केली, बाई. आता आमी देत नाई. आमी घेतो."

मूठ काय होती, विसरला का रे? दर घरात चुलीमागं एक मडकं. दळण करायच्या आधी घरची बाई एक मूठ ज्वारी त्यात टाकायची, अन् टाकता टाकता एका माणसाचं नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करायची. आजारी असो, दारुडा असो, भांडखोर असो, रोज एक मूठ, रोज एक नाव. रविवारी सगळी मडकी मेजापुढं रिकामी व्हायची. गावचा उपदेशक म्हणून बाबाले पगार नव्हता. त्या ज्वारीवर बाबा अन् आई जगले, त्याच ज्वारीची भाकर खाऊन तू अन् मी वाढलो. तुझ्या अंगावरचं मांस त्या बायांच्या मुठीचं हाय.

ते कोणाले विचारून बंद केलं? लवकर लिही.

तुझी बाई
पंचफुला

*

नेरडीगोंडा
१५ जानेवारी १९८४

पंचफुलाबाईस मोतीरामचा सलाम.

तुझं पाकीट पोस्टमननं हातात दिलं तेव्हाच गरम लागलं. मनकर्णा म्हणे, तुमीच वाचा, मले चटका बसंल.

बाई, तू लहानपणापासून आधी मारते अन् मंग विचारते. आता माझंही ऐक. मी देवाच्या कृपेनं बरा हाव. सडकेवरचं हाटेल चालते. एक लॉरी होती, आता दुसरी आली. मेजापुढं उभा राहून मी पाह्यचो की रोजानं निंदायले जाणाऱ्या बाया, ज्यांच्या घरात सांजच्या भाकरीची सोय नाई, त्या मूठ मूठ ज्वारी आणून ओतून राह्यल्या. अन् मी इस्त्रीचा सदरा घालून ते घेऊन राह्यलो! माझा जीव शरमून जायचा. म्हणून ठरवलं, की दर महिन्याले माझ्याकडून एक पोतं. ज्याले लागते त्यानं न्यावं. यात माझं काय चुकलं? बाबाजवळ असतं तं बाबानं हेच केलं असतं.

बयनाबाईचं म्हणशील तं ती त्यानंतरही तिचं मडकं घेऊन आली होती. मी तिले म्हटलं, आजी, हे राहू दे, तुले लागंल, देवापाशी माझं पोतं हाय. ती मडकं उचलून गेली. खुश झाली असंल, म्हातारीच्या दोन भाकरी वाचल्या.

अन् आता खुशखबर ऐक, म्हणजे तुझा राग उतरंल. गावातली सहा घरं येशूच्या मागं यायले तयार हायेत. शकुबाईचं घर, देवाजीचं घर, बाकीची तुले माहीत नाईत. बाबानं तीस वर्षांत दोन घरं आणली, बाई. माझ्या हातून सहा महिन्यांत सहा! आदिलाबादचे पाद्रीबाबा पांडुरंगराव ईस्टरले येतो म्हणाले. सहाही घरांना त्या दिवशी बाप्तिस्मा. तोवर दर गुरुवारी मी त्यांना शिकवीन, कबूल केलं हाय.

आता तरी मले आशीर्वाद देशील का नाई?

तुझा
मोतीराम

*

निर्मल
३० जानेवारी १९८४

मोतीराम,

बयनाबाई खुश झाली असंल, म्हणतोस. खुश! तिनं त्या दिवशी देवळामागं मले आणखी एक सांगतलं होतं. मी ते लिहिलं नव्हतं, वाटलं तुले लागंल. आता लागू दे. ती म्हणे, "मोतीरामनं म्हटलं तुझी मूठ नको. मंग मी नाव कोणाचं घेऊ? हात रिकामा असला की तोंडही उघडत नाई." त्या दिवसापासून तिच्या चुलीपाशी प्रार्थना नाई. तिच्याच काय, कोणाच्याच नाई. तू ज्वारी वाचवली नाई रे, तू त्यांच्या घरातली प्रार्थना उचलून नेली, अन् वर दान केलं म्हणून पाठ थोपटून घेतली.

मूठ सुरू कशी झाली ते तुले माहीत नाई, तू पाळण्यात होता. बाबानं अन् त्याच्यासंगं काई घरांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा विहिरीवर, बाजारात, पाटलाच्या खळ्यावर एकच बोलणं. तांदळासाठी देव बदलला, म्हणे. पोटासाठी धरम विकला. आईले तं हंडा घेऊन जाणं मुश्कील केलं होतं. बाबा काई कोणाशी भांडला नाई. त्यानं बयनाबाईले अन् बाकीच्या बायांना बोलावून म्हटलं, "लोक म्हणते आपुन खाऊन देवाचे झालो. मंग आपुन देऊन दाखवू." मूठ तिथून आली. दोन वर्षांनी तो पाटील स्वतः बाबाचं नाव घेऊन म्हणे, फकिराचे लोक भिकारी नाईत.

ज्या टोमण्याले बाबानं तीस वर्षं मुठीनं उत्तर दिलं, तो टोमणा तू सहा महिन्यांत पोत्यानं खरा करून राह्यला. अन् मले म्हणतोस, सहा घरं आणली! तू आणली का पोत्यानं आणली, एकदा खाली बसून विचार कर.

त्या सहा घरांचा मले राग नाई. भुकेलेलं माणूस जिथं दिसते तिथं जातेच, बाबाही सांगायचा की पोटाच्या वाटेनं आलेला माणूसही देवाचाच. पण आलेल्याले पुढं न्यावं लागते. पोत्यापाशी थांबू द्यायचं नसते. शिकव त्यांना. येशू कोण, त्यानं काय केलं, त्याच्या मागं गेलं तं काय सोडावं लागते, सगळं सांग. बाबानं मले जसं दारात बसवून एकेक वाक्य घोटवलं तसं घोटव. एक गुरुवार चुकवला तं माझं तोंड पाहू नको.

पंचफुला

*

नेरडीगोंडा
६ मार्च १९८४

बाईस सलाम.

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर दिलं नाई कारण खोटं लिहायचं नव्हतं अन् खरं लिहायची हिंमत नव्हती. उद्या राखेचा बुधवार, उपासाचे दिवस लागतात. म्हटलं आज तरी लिहू.

पाच गुरुवार झाले. मी एक घेतला. त्याच्यातही अर्ध्यावर उठलो, कापसाच्या जिनिंगवरून माणूस आला होता.

तुले वाटंल पैशाची मस्ती चढली. मस्ती असती तं बरं होतं बाई, सुखानं झोपलो तरी असतो. एक लॉरी होती तेव्हा वाटे, दुसरी आली की जिवाले आराम. दुसरी आली तं पहिलीची काळजी गेली नाई अन् दुसरीची वर बसली. एक ड्रायव्हर पळून गेला. परमिटसाठी हापिसात दरखास्त देऊन तीन हप्ते झाले, पेशकार आज या उद्या या करते. कापसाचा मोसम सरत आला. सकाळी प्रार्थनेले बसतो, तोंड प्रभूची प्रार्थना म्हणत राह्यते अन् डोक्यात टायर फिरते. आमेन म्हटल्यावर समजते की मी काय म्हटलं ते मले ठाऊक नाई. पहिले असं नव्हतं. तुले आठवते, हाटेलात दोन बाकडे होते तेव्हा मी सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाआधी गाणं म्हणत शेगडी पेटवायचो. गाणं कधी बंद झालं तेही ध्यानात नाई.

मी एक मागतो, चिडू नको. तू ये. शनिवार-रविवार तुले मोकळे असतात. बाबा तुलेच जवळ बसवून शिकवायचा, तुले सगळं पाठ हाय, अन् बायांना तुझं बोलणं माझ्यापेक्षा लवकर समजते. ईस्टर बावीस एप्रिलले. सहा शनिवार हायेत. तू सहा वेळा आली तं सहा घरं तरून जातील. मी लॉरी पाठवतो, निर्मलहून तासाभराचा तं रस्ता हाय.

मोतीराम

*

निर्मल
१३ मार्च १९८४

मोतीराम,

वा रे वा! लॉरी तू घ्यायची, पोतं तू ठेवायचं, शाबासकी तू घ्यायची, अन् निस्तरायले पंचफुला. तुले काय वाटते, मॅट्रन म्हणजे बसून खाणारी? साठ पोट्ट्या हायेत माझ्यापाशी. परीक्षा तोंडावर आल्या. चौघींना गोवर निघाला. शनिवारी-रविवारी तं मले श्वास घ्यायले वेळ नाई. येणं होत नाई, हे पक्कं समज.

अन् काळजीचं रडगाणं मले सांगू नको. काळजी कोणाले नसते? पेरणाऱ्याचा दाखला सांगताना बाबा काय म्हणायचा? खडकावर पडलेलं बी चार दिवसांत मरते, त्याचं रडणंही चार दिवसांचं. वाईट ते काट्यातलं. ते मरत नाई. हिरवंगार दिसते, लांबून पाहणारा म्हणते काय पीक हाय. अन् जवळ जाऊन पाहावं तं कणसात दाणा नाई. आठ वर्षं मी लांबून पाहून राह्यली, मोतीराम, अन् पीक चांगलं हाय म्हणून राह्यली.

सगळा जन्म निंदण केलेल्या बापाचा तू पोरगा. तण एकदा उपटून होत नाई, दर आठ दिवसांनी वाकावं लागते, हे तुले मी सांगावं? एक लॉरी वीक. नाई तं माणूस ठेव. नाई तं नुसता गुरुवारी दोन घंटे हाटेल बंद कर. दोन घंट्यांत तुझं राज्य बुडत असंल तं बुडू दे.

पंचफुला

*

नेरडीगोंडा
२६ मार्च १९८४

बाई,

आज मी सलाम लिहीत नाई.

तुझ्या वसतिगृहात गोवर नाई. मनकर्णाची भाची तिथंच शिकते, ती होळीच्या सुटीत घरी आली होती. कोणाले गोवर नाई, काई नाई. मी म्हटलं, बाई खोटं कायले लिहील? मंग रामाजीनं सांगतलं. रामाजी माझा ड्रायव्हर, दर शनिवारी कापूस घेऊन आदिलाबादले जातो. त्यानं तुले तीन शनिवार शाळा खात्याच्या एका साहेबाच्या बंगल्याच्या फाटकापाशी बसलेलं पाह्यलं. सोबत तुझी पोरगी एस्तेर. पहिल्यांदा त्याले ओळख पटली नाई, दुसऱ्या वेळी पटली, तिसऱ्या वेळी तू पदर ओढून घेतला म्हणे.

एस्तेरनं टीचर ट्रेनिंग पास केलं, तिले सरकारी शाळेत नेमणूक पाहिजे, त्यात काई पाप नाई. मले सांगतलं असतं तं मीही आलो असतो. पण मले काट्याचा दाखला शिकवतेस अन् स्वतः तीन शनिवार त्या फाटकापाशी बसतेस? माझ्या डोळ्यातलं कुसळ तुले निर्मलहून दिसते अन् तुझ्या डोळ्यातलं मुसळ तुले दिसत नाई?

अन् मले सगळ्यात जास्त काय लागलं ते ऐक. निर्मलहून आदिलाबादची बस माझ्या हाटेलापुढं थांबते. दहा मिनिटं थांबते, लोक उतरून चहा पितात. जाताना थांबली, येताना थांबली. म्हणजे सहा वेळा तू माझ्या दारात होती, बाई. गावात सहा घरं तुझी वाट पाहून राह्यली, अन् तू बसमधून उतरली नाई.

मी गुरुवार चुकवतो तं मी पापी. तू शनिवार चुकवते तं तू कोण?

मोतीराम

*

निर्मल
४ एप्रिल १९८४

मोतीराम,

होय. गेली. खोटं लिहिलं. तुझं हाटेल आलं की मी सीटमध्ये खाली सरकून बसत होती, रामाजीनं ते पाह्यलं नाई म्हणून मीच सांगते.

पण तुझं अन् माझं एका तराजूत टाकू नको, मले सहन होत नाई. एस्तेरचा बाप गेला तेव्हा ती चार वर्षांची होती. तेव्हापासून दुसऱ्यांच्या पोट्ट्यांची वेणी-फणी करून मी तिले शिकवलं. तीन वर्षांनी माझी नोकरी सरते, मॅट्रनची खोली रिकामी करावी लागंल. मंग आमी दोघी कुठं जायचं, तुझ्या हाटेलात भांडे घासायले? साहेब म्हणते यादी लागायची हाय. बाकीच्या पोरींचे बाप, भाऊ, मामा तिथं बसून असतात. आमी एक शनिवार दिसलो नाई अन् तेवढ्यात नाव राह्यलं तं? तुले लोभ हाय. मले गरज हाय. फरक हाय त्यात.

असं मी रोज स्वतःले सांगते.

मले अजून दोन-तीन शनिवार जावंच लागंल. ईस्टर झाला की मी येते, देवाशपथ येते. तोवर तू एवढं कर, त्यांना निदान प्रभूची प्रार्थना अन् विश्वासांगीकार, म्हणजे आपुन काय मानतो ते, पाठ करून घे. पाद्रीबाबा पांडुरंगराव फार खोलात जात नाईत, म्हातारे झाले. दोन प्रश्न विचारतील अन् पाणी घालतील. बाकीचं नंतर पाहू. एवढं तरी कर रे बाबू, चिडून सोडू नको.

पंचफुला

*

नेरडीगोंडा
२३ एप्रिल १९८४, ईस्टरचा सोमवार

पंचफुलाबाईस,

कालचं जसं झालं तसं लिहितो. मनकर्णा म्हणे लिहू नका, पण तुले दुसऱ्याकडून समजण्यापेक्षा माझ्याकडून समजू दे.

देऊळ भरलं होतं. इतकं की दारात माणसं उभी. सहाही घरं धुतलेले कपडे घालून पुढं बसली होती. मेजावर पितळी परातीत पाणी. मी नवा कोट घातला होता. तुझ्या पत्रानंतर मी आणखी एक गुरुवार घेतला होता, त्याच्यापुढच्या गुरुवारी परमिट मंजूर झालं अन् हैदराबादले जावं लागलं. म्हटलं पाद्रीबाबा दोन प्रश्न विचारतील अन् होऊन जाईल, तू लिहिलं होतं तसं.

पाद्रीबाबानं पाठ केलेलं काईच विचारलं नाई. त्यांनी शकुबाईले उभं केलं अन् नुसतं विचारलं, "बाई, येशूच्या मागं काऊन येतेस?"

शकुबाई घाबरली नाई. ती चांगली बाई हाय, खोटं बोलत नाई. तिनं हात जोडले अन् सांगतलं, "मोतीरामभाऊ तांदूळ देतात म्हणून."

कोणी हसलं नाई. हसले असते तं बरं झालं असतं. पाद्रीबाबानं देवाजीले विचारलं. तो म्हणे, मोतीरामभाऊ सांगतील तसं. मंग पाद्रीबाबानं पुस्तक मिटलं अन् माझ्याकडं पाह्यलं. म्हणाले, "मोतीराम, तू यांना कोणाचं नाव शिकवलं?"

मले उत्तर आलं नाई. चाळीस वर्षांचा माणूस, फकिरा उपदेशकाचा पोरगा, भर देवळात कोट घालून नुसता उभा. ते रागावले नाईत. या लोकांचं काई चुकलं नाई म्हणाले, यांना कोणी सांगतलंच नाई. परात स्वतः उचलून बाहेर नेली अन् पाणी लिंबाच्या बुडाशी ओतलं. बाप्तिस्मा कोणाचाच झाला नाई. बयनाबाई भिंतीले टेकून बसली होती. तिच्याजवळून मी तसाच बाहेर निघालो.

दारात मागून शकुबाई धावत आली. म्हणे, "भाऊ, पाणी नाई घातलं तरी या महिन्याचं पोतं येईल ना?"

तिच्या मनात काई वाकडं नव्हतं. तिच्या घरात पाच खाणारी तोंडं हायेत. मी तिले हेच शिकवलं होतं, तिनं तेच विचारलं.

मी होय म्हटलं.

बाई, मले इतका राग येऊन राह्यला की छातीत मावत नाई. लॉरीवर काढू का, पाद्रीबाबावर काढू, का तुझ्यावर? तुझ्यावर काढून पाह्यला, तो तुझ्यापर्यंत पोचतच नाई, वाटेतच माझ्याकडं वळते. बाबा असता तं त्यानं मले मारलं असतं. मारणारं कोणी राह्यलं नाई.

मोतीराम

*

निर्मल
२६ एप्रिल १९८४

चिरंजीव मोतीराम,

तुले शिव्या द्यायले कागद घेतला होता. दोन ओळी लिहिल्या, वाचून पाह्यल्या, तं त्या सगळ्या मलेच लागू पडत होत्या. म्हणून तो कागद फाडला अन् हा घेतला.

दोन प्रश्न विचारतील अन् पाणी घालतील, हे मी लिहिलं. मी! बाबाच्या दारात बसून शिकलेली. तुले काट्यातलं पीक म्हणताना माझं कणीस मी कधी चाचपून पाह्यलं नाई. तू लॉरी सोडली नाई अन् मी फाटक सोडलं नाई, अन् मधल्या मधी शकुबाईले जे मिळायचं ते राहून गेलं. माझी गरज खरी होती, मोतीराम, अजूनही खरी हाय. पण तिले मी डोक्यावर बसवलं.

यादी अजून लागली नाई. परवा शनिवार. मी एस्तेरले सांगतलं की मी येत नाई, तुले जायचं तं एकटी जा. ती रडली, म्हणे आई, नाव राह्यलं तं मी तुले माफ करणार नाई. राह्यलंही कदाचित. मले भीती वाटते. तरी मी परवा नेरडीगोंड्याले उतरणार. वसतिगृह उन्हाळ्याचं बंद झालं, जून लागेपर्यंत मले कोणी विचारत नाई. मुक्काम गावातच करीन, बयनाबाईच्या घरी.

पाद्रीबाबाले आजच पत्र टाकलं. दहा जूनले पेंटेकॉस्टचा सण हाय, तेव्हा पुन्हा या म्हणून. सहा आठवडे मिळतात. सहाही घरं आली तं बरं, एक आलं तरी चालंल, अन् कोणी नाई आलं तं का नाई आलं ते तरी समजंल.

शकुबाईले पोत्याचं होय म्हटलं, तं दे. लेकरं उपाशी ठेवून कोणाले देव समजत नाई. पण देवळात नको. त्यावर तुझं नाव नको, देवाचंही नको. शेजारी शेजाऱ्याले देते तसं तिच्या घरी नेऊन दे, अन् तिले सांग की देवळात आली तरी मिळंल, नाई आली तरी मिळंल. मंग ती कशासाठी येते ते पाहू. अन् बयनाबाईच्या दारात जाऊन तिची मूठ माग. राहू दे म्हणालास त्या तोंडानं माग, हात पसरून. ती लवकर देणार नाई. उभा राह्यजो.

रोज दिवस मावळायच्या आधी एक घंटा शिकवणार मी. तू शकुबाईच्या बाजूले सतरंजीवर बसशील. कोट घालून येऊ नको. पाद्रीबाबानं तिले जे विचारलं ते पहिल्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी तुले विचारीन, अन् तुले उत्तर येईपर्यंत पुढं जाणार नाई.

मंग तू मले विचारजो.

तुझी बाई
पंचफुला